चर्चची जुनी रजिस्टरं वाचवताना : जानेवारी ते जून २०२४ च्या नोंदी

आमचं चर्च जालना जिल्ह्यात, अंबडच्या बाजूला. ऐंशी-पंच्याऐंशी घरांची मंडळी. पाळकसाहेबांकडे आणखी तीन गावं आहेत, म्हणून ते महिन्यातले दोनच रविवार येतात. उरलेल्या रविवारी उपासना आम्हीच चालवतो. मी पंचकमिटीची सेक्रेटरी, नोकरी एका कॉलेजात क्लार्कची. हे काम कसं करायचं ते आम्हाला सांगणारं कोणी भेटलं नाही. दुसऱ्या एखाद्या मंडळीला आमच्याइतके दिवस वाया घालवावे लागू नयेत, म्हणून या नोंदी जशा लिहिल्या तशाच देत आहे.

१४ जानेवारी, रविवार

नाताळच्या झिरमिळ्या ठेवायला वेदीमागचं लाकडी कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून माती सांडली. वाळवी. कपाट भिंतीला चिकटून होतं, भिंतीतूनच ती वर चढली. आत अकरा वह्या : बाप्तिस्म्याच्या चार, लग्नाच्या दोन, दफनाच्या दोन, प्रभुभोजनाची एक, जमाखर्चाच्या दोन. सगळ्यात जुनी १८९६ ची. तिची पहिली चौदा पानं वाळवीनं खाल्ली होती. नुसत्या कडा उरल्या होत्या, मधे जाळी.

पंधराव्या पानापासून वाचता येतं. तिथे दोन कुटुंबांपुढे ‘बेथेलहून आलेले’ असा शेरा आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं ख्रिस्ती लोकांचं गाव ते बेथेल. आमच्या मंडळीतले म्हातारे ‘आपण बेथेलचे’ म्हणतात, ते लहानपणापासून ऐकत आले. कागदावर आज पहिल्यांदा पाहिलं.

१५ जानेवारी

पहिली चूक. मी आणि तरुण संघातल्या दोन पोरांनी सगळ्या वह्या चर्चच्या ओट्यावर उन्हात पसरल्या. वाळवी मरेल, ओल जाईल असं वाटलं. दोन तासांत चार वह्यांचे पुठ्ठे होडीसारखे वाकले आणि एका वहीची पानं पापडासारखी कडक झाली. उलटताना दोन कोपरे तुटून हातात आले. ते लिफाफ्यात घालून लिफाफ्यावर वहीचा आणि पानाचा नंबर लिहिला.

बापूकाका संध्याकाळी आले आणि डोक्याला हात लावून बसले. ते पूर्वी भजनी मंडळात होते, त्यांच्याकडे जुन्या हस्तलिखित वह्या आहेत. म्हणाले, “पोथीला वारा द्यायचा असतो बाई, ऊन नाही.” मग सावलीत, दोरीवर न टांगता, बाकांवर उभ्या उघडून ठेवल्या. तीन दिवस. पंखा लांबून, हळू.

वाळवीची माती झाडायला रंगाऱ्याचा मऊ ब्रश वापरला. कापडाने पुसायचं नाही, माती पानात मुरते. पानाच्या मधून बाहेरच्या कडेकडे झाडायचं. कप्प्यात ज्या डांबरगोळ्या होत्या त्यांच्या वासानं एका पोराचं डोकं दुखायला लागलं, त्या फेकून दिल्या.

२१ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर पंचकमिटी बसली. खर्चाला ५,००० रुपये मंजूर. ठरलं ते असं : वह्या चर्चच्या बाहेर न्यायच्या नाहीत, कोणाच्याही घरी नाही, झेरॉक्सच्या दुकानात तर नाहीच. मूळ पानावर पेनाने एक टिंबसुद्धा द्यायचं नाही, चूक दिसली तरी. लग्नाची रजिस्टरं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ठेवलेली असतात, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आजही लोकांची कामं चालतात. त्यात आपण हात घातला की ते रजिस्टर राहत नाही.

झेरॉक्सचं मी मुद्दाम काढलं, कारण २००९ साली कोणीतरी चांगल्या भावनेनं दुसऱ्या वहीची वीस पानं सुटी करून लॅमिनेट करून आणली होती. प्लॅस्टिकच्या आत ती आता तपकिरी पडली आहेत, शाई पसरली आहे आणि प्लॅस्टिक काढायला गेलं तर अक्षरं त्याच्याबरोबर निघतात. ती तशीच ठेवली. सेलोटेप लावलेल्या पानांचीही तीच गत, टेप गळून गेली आणि तिचा पिवळा पट्टा नावांवर राहिला. फाटलेलं पान फाटलेलंच राहू द्या, वाचता येतं.

२८ जानेवारी, रविवार

फोटोला सुरुवात. दुपारी दोन ते सहा. २१२ फोटो काढले, त्यातले कामाचे ३०.

काय चुकलं : पान सपाट राहावं म्हणून त्यावर काच ठेवली (२२० रुपये). काचेत खिडकीचं आणि माझं तोंड उमटलं, आणि काच उचलताना एका पानाचा टवका काचेला चिकटून आला. जुनी काळी शाई कागद आतून खाते. अशा पानांवर अक्षराच्या जागी भेगा पडलेल्या असतात, दाब दिला की अख्खा शब्द निघून येतो. काच बंद. बॅटरीचा दिवा आणला होता (४५० रुपये), त्यानं पानाच्या मधे पांढरा गोळा आणि कडेला अंधार. तोही बंद. मोबाइल हातात धरून काढलेले फोटो शंभराच्या पुढे हलायला लागले, कारण हात दुखतात.

४ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस लिहायला जड जातं. गेल्या आठवड्यात रोज संध्याकाळी बसून ६४ पानं चांगली काढली होती. ती व्हॉट्सअॅपवर पाळकसाहेबांना पाठवली आणि मोबाइल भरला म्हणून माझ्याकडची पुसून टाकली. आज कॉम्प्युटरवर उघडली तर मोठं केलं की अक्षर फुटतं. व्हॉट्सअॅप फोटो बारीक करून पाठवतं हे मला माहीत होतं, लक्षात आलं नाही. ६४ पानं पुन्हा. जुन्या कागदाला पुन्हा हात लावावा लागला याचं जास्त वाईट वाटलं. पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, आणि दोन ठिकाणी उतरवून, उघडून बघितल्याशिवाय पुसायचा नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

ही पद्धत जमली, ती शेवटपर्यंत बदलली नाही. उत्तरेच्या खिडकीजवळ दोन बाक समोरासमोर, त्यावर आडवी फळी, फळीला भोक पाडून त्यावर मोबाइल होल्डरनं पालथा बसवलेला. खाली जमिनीवर काळं कापड, त्यावर वही. वही पूर्ण उघडायची नाही, शिवण सुटते. दोन्ही बाजूंनी छोट्या पिशव्यांचा आधार द्यायचा. आधी आम्ही त्या पिशव्या ज्वारीनं भरल्या होत्या, पंधरा दिवसांत त्यात सोंडे झाले, मग धुतलेली वाळू भरली. मोबाइलला तीन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. सकाळी नऊ ते अकरा उजेड सगळ्यात सारखा. लोडशेडिंगचा प्रश्नच उरला नाही, कारण वीज लागतच नाही.

एक जण पान उलटणार, एक जण फोटो, एक जण समोरच्या वहीत लिहिणार : कोणती वही, कितवं पान, काही शेरा. फोटोचं नाव त्याच दिवशी बदलायचं. ‘बा१-०४७’ म्हणजे बाप्तिस्म्याची पहिली वही, पान ४७. हात धुऊन कोरडे करायचे, तेल लावलेले नकोत. चहा ओट्यावर.

सुरुवातीला प्रार्थना करतो. लहानशी, दोन वाक्यांची.

१८ फेब्रुवारी, रविवार

शनिवारी रात्री आमच्यातल्या एका पोराला त्याच्या पणजोबांचा १९११ चा बाप्तिस्मा सापडला. आनंदाच्या भरात त्यानं अख्ख्या पानाचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर १४० माणसं. त्याच पानावर खाली दुसऱ्या एका बाळाची नोंद होती, आणि तिच्यात बापाच्या रकान्यात दोनच शब्द : ‘माहीत नाही’. ते बाळ म्हणजे आमच्या मंडळीतल्या एका आत्याबाईंच्या सासूबाई.

सकाळी उपासनेला आत्या आल्या नाहीत. गेली तीस वर्षं वेदीवरचं कापड त्या धुतात. आज कापड घडी करून दाराच्या कडीला अडकवलेलं होतं.

२० फेब्रुवारी

मी, तो पोरगा आणि बापूकाका आत्यांकडे गेलो. त्यांनी चहा केला, पण बसल्या नाहीत. चुलीपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, “बाई, माझ्या सासूचं नाव सगळ्या गावानं वाचलं. ती मेली तवा बी इतके लोक आले नव्हते.” पोरगा रडायला लागला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. आम्ही माफी मागितली, ग्रुपवरून फोटो काढला हे सांगितलं, पण एकशे चाळीस मोबाइलमधून तो निघत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

ही चूक त्या पोराची मी मानत नाही. नियम करायला हवा होता तो मी केला नव्हता. वही बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही ठराव केला आणि फोटो खिशात घेऊन फिरत होतो.

आणखी एक गोष्ट यात आहे. १९४० पूर्वीच्या रजिस्टरांत ‘पूर्वीची जात’ असा रकाना आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. त्याच आदेशात १९५६ ला शिखांचा आणि १९९० ला बौद्धांचा समावेश झाला, आपला झाला नाही. म्हणून एकेका घरात एक भाऊ कागदावर ख्रिस्ती आहे आणि दुसरा नाही. कोणी का तसं केलं, त्यामागे कोणत्या पोराची फी होती, हे त्या घरालाच ठाऊक. अशा पानाचा फोटो कोणाच्या हातात पडेल आणि त्याचं काय होईल ते आपल्या हातात नाही.

आजपासूनचा नियम : फोटो एकाच मोबाइलवर निघणार, तो मोबाइल चर्चच्या कपाटात राहणार (माझा जुना दिला). कोणाला स्वतःच्या घराची नोंद हवी असेल तर त्याची ओळ सोडून बाकीचं पान काळ्या कागदानं झाकून दाखवायचं, दोन पंच हजर असताना. घरातलं कोणी हयात असेल तर आधी त्याला विचारायचं. दुसरी कुठली मंडळी हे काम करणार असेल तर हात जोडून सांगते, हा नियम पहिल्या दिवशी करा, ब्रश विकत आणायच्या आधी.

२५ फेब्रुवारी, रविवार

हंगामाचा सण. गेला पावसाळा कोरडा गेला, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, तरी लोकांनी कणसं आणली, भोपळे, अंडी, लिंबं, गुळाची ढेप. लिलावात एक कोंबडा तीनदा विकला गेला. घेणारा परत चर्चला देतो आणि पुन्हा बोली सुरू होते. एकूण ९,४५० रुपये. पंचांनी हे सगळे पैसे रजिस्टरांच्या कामाला दिले. मला वाटलं नव्हतं. टँकर येणाऱ्या गावात लोक जुन्या वह्यांसाठी पैसे देतील असं मी धरलंच नव्हतं.

१० मार्च, रविवार

या आठवड्यात दफनाची पहिली वही. ५८ पानं झाली असती, १९ च झाली. का ते लिहिते.

१९०३ पासून त्या वहीत एकच हात आहे. शाळेचे मास्तर, तेच उपदेशक. त्यांचा ‘र’ ओळीच्या खाली उतरतो आणि ‘ख्रि’ काढताना ते रेघ पुढच्या शब्दापर्यंत ओढतात. वाचून वाचून आम्हाला ते अक्षर ओळखीचं झालं होतं. पोरं ‘मास्तर आले’ म्हणायची.

१९१८ च्या ऑक्टोबरचं पान उघडलं. पहिल्या आठवड्यात मरणाच्या कारणापुढे ‘ज्वर’. मग ‘मानमोडी’. आजीच्या तोंडून हा शब्द ऐकला होता, ती साथ कशाची होती हे नंतर शाळेत कळलं : इन्फ्लुएन्झा. पुढच्या ओळींना कारण लिहिलेलंच नाही, नुसत्या खालीखाली दोन-दोन रेघा. एका दिवशी चार, दुसऱ्या दिवशी तीन. अक्षर घाईचं, पण ‘र’ तोच.

नोंद ३१ पासून अक्षर बदलतं. पेन्सिल, मोठी वाकडी अक्षरं, जणू लिहायची सवय नसलेल्या माणसाची. आणि ३१ वी नोंद मास्तरांचीच आहे. वय ३८, धंदा शाळामास्तर. ३२ वी : ‘मास्तरांची मुलगी, ६ दिवस’. नाव नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत शोधलं, तिथेही नाही. बाप्तिस्मा द्यायला कोणी उरलं नसावं, किंवा वेळ मिळाला नसावा.

पान उलटणाऱ्या मुलीनं वही तशीच उघडी ठेवून हात मागे घेतला. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. डिसेंबरपर्यंत अशी ४१ नावं आहेत.

१६ मार्च

जमाखर्चाच्या वह्यांनी दोन संध्याकाळी खाल्ल्या. त्यात सालं १३१०, १३२७ अशी. निजामाच्या राज्यातलं फसली साल. मी कुठेतरी ऐकलं होतं की ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि सगळ्या नोंदींना ५९० मिळवून मोकळी झाले. मग १३२७ च्या पुनरुत्थान सणाचं (ईस्टरचं) अर्पण १९१७ मध्ये पडलं, आणि प्रभुभोजनाच्या वहीत हुबेहूब तीच रक्कम ३१ मार्च १९१८ ला दिसली.

चूक ही : फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यात बदलतं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदींना ५९०, आणि जानेवारीपासून पुढे साल संपेपर्यंत ५९१ मिळवायचे. ३४० नोंदी पुन्हा तपासल्या. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर, वहीत फसली साल थांबतं आणि साधी तारीख सुरू होते.

रुपयांचंही तसंच. काही रकमांपुढे ‘हाली’, काहींपुढे ‘कल’. हाली म्हणजे हैदराबादचा रुपया, कल म्हणजे कलदार, इंग्रजांचा. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. दोन्ही एकत्र बेरजेत घेऊ नका, वेगळे रकाने करा.

या वह्यांत मला सगळ्यात जपून ठेवावीशी वाटणारी ओळ पैशांची नाही. दर महिन्याला येते : ‘मुठीची ज्वारी’, पुढे पायल्या. बाया रोज भाकरीचं पीठ घेताना एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायच्या आणि महिन्याच्या शेवटी चर्चला आणून द्यायच्या. १९१८ च्या त्या तीन महिन्यांत बाकी सगळं अर्पण शून्य आहे. मुठीची ज्वारी आहे : दोन पायली, दीड पायली, एक. आणि खर्चाच्या बाजूला ‘पोरक्या लेकरांस’ म्हणून तेवढीच वजा.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

दफनाच्या दुसऱ्या वहीत घडी घातलेला उर्दू कागद मिळाला. मिरवणूक झाल्यावर शेजारच्या चाचांनाच चर्चमध्ये बोलावलं, कारण कागद बाहेर न्यायचा नाही. वय ८४, उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद न उचलता त्यावर वाकून वाचला. “बेटा, ये तो तुम्हारे कब्रस्तान की हद का कागद है.” चारी बाजूंची हद्द लिहिलेली : पूर्वेला नाला, दक्षिणेला गाडीवाट. चाचा सांगत गेले, मी मराठीत लिहून घेतलं. त्यांची सही घ्यायला विसरले, दुसऱ्या दिवशी घेतली. मजकूर कोणी वाचून दिला, कधी, याची नोंद सोबत ठेवायला हवी.

मोडीतली तीन पानं होती, ती मोडी शिकलेल्या एका मुलानं वाचून दिली. पैसे घेतले नाहीत, जालन्याहून येण्याजाण्याचे ६४० आम्ही दिले.

३० मार्च

पोरांनी कब्रस्तानातली घाणेरीची झुडपं काढली. सकाळी सहा ते अकरा, अकरा जण. १९१८ च्या कबरींना दगड नाहीत, मातीचे उंचवटे होते ते कधीच सपाट झाले. निंबाच्या झाडाखालची ओळ तीच असं जुने लोक सांगतात. तिथे चुन्याची रेघ मारली.

३१ मार्च, पुनरुत्थानाचा दिवस

पहाटे पाचला कब्रस्तानात उपासना, दरवर्षीप्रमाणे. यंदा पाळकसाहेबांनी बायबलातला यशयाचा त्रेचाळिसावा अध्याय वाचला, देव नाव घेऊन हाक मारतो तो. मग ४१ नावं. त्या वर्षीचा, १९१८ चा, पुनरुत्थानाचा सणही ३१ मार्चलाच होता. मास्तरांची ती सहा दिवसांची मुलगी सोडली तर तेव्हा ही माणसं जिवंत होती आणि बहुतेक याच जागी उभी होती. हे पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा कंदील धरलेल्या माझ्या हाताला कंप सुटला.

नावं वाचायच्या आधी त्या सगळ्या घरांना विचारलं होतं. नऊ घरं सापडली, नवांनीही हो म्हटलं. उरलेल्यांचं कोणी नाही. वाचायला नऊ मिनिटं लागली. ३२ व्या नोंदीला पाळकसाहेब थांबले आणि “मास्तरांची मुलगी” एवढंच म्हणाले. मागून कोणीतरी बाईनं हलक्या आवाजात ‘आमेन’ म्हटलं.

आत्या आल्या होत्या. मागे, भिंतीजवळ. उपासनेनंतर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “सासूचं काय करणार तुमी त्या कॉम्प्युटरात?” मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. त्या विचार करून म्हणाल्या, “जसं लिवलंय तसंच ऱ्हाऊ द्या. खोडू नगा. पर भिंतीवर लावू नगा.”

त्या दिवशी वेदीवर कापड होतं, धुतलेलं.

१४ एप्रिल, रविवार

काम नाही. जयंतीची मिरवणूक, सगळी पोरं तिकडे. पाणपोई आमच्या ओट्यावर होती.

१९ मे, रविवार

फोटो संपले. १,३८६ पानं. आता एक्सेलमध्ये चढवणं चालू आहे, आणि ते फोटोंपेक्षा तिप्पट वेळ खातं. सगळ्यात मोठी अडचण नावांची. एकच माणूस बाप्तिस्म्याला ‘याकूब’, लग्नात ‘याकोब’, दफनात ‘जेकब’. मी सुरुवातीला सगळे ‘याकोब’ करून टाकत होते, शोधायला सोपं म्हणून. ४०० ओळी झाल्यावर कळलं की यात दोन वेगळे भाऊ एक होऊन बसले. पुन्हा मागे. आता दोन रकाने : एकात कागदावर आहे तसं अक्षरशः, दुसऱ्यात शोधण्यासाठीचं नाव. अक्षर लागलं नाही तर अंदाज लिहायचा नाही, चौकोनी कंसात टिंबं द्यायची.

मंडळीचं नावही बदलत जातं. आधी स्कॉटिश मिशन, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यानंतर छापील मथळा खोडून हातानं सी.एन.आय. तेही जसंच्या तसं.

२ जून, रविवार

पत्र्याची पेटी आली, २,८०० रुपये. विटांवर ठेवली, भिंतीपासून वीतभर दूर. प्रत्येक वही धुऊन वाळवलेल्या मांजरपाटात बासनासारखी बांधली, रबर किंवा सुतळी नाही, कापडाचीच बंदं. कडुलिंबाचा पाला घालू नका असं आता सांगेन. आम्ही पहिल्या वहीला घातला होता, त्याचा चुरा पानात गेला आणि एका पानाला हिरवट डाग पडला. वेखंडाचे तुकडे छोट्या पुरचुंडीत, वहीला न टेकता. दर तीन महिन्यांनी पेटी उघडून बघायची, पावसाळ्यात दर महिन्याला. कोणी बघितलं त्यानं झाकणाच्या आतल्या कागदावर सही करायची.

बासनं बांधायला आत्या बसल्या. चौथी वही त्यांनी स्वतः मागून घेतली, १९११ ची तीच. उघडली नाही.

९ जून, रविवार

हिशेब उपासनेत वाचून दाखवला. ब्रश ८०, काळं कापड १२०, होल्डर ३५०, वाया गेलेली काच २२० आणि दिवा ४५०, दोन पेन ड्राइव्ह ९००, हार्ड डिस्क ४,३००, पेटी २,८००, मांजरपाट ४८०, प्रवास ६४०, वाचण्यासाठीच्या प्रती छापून बांधायला ३,९००. एकूण १४,२४०. जमा १४,४५०. शिल्लक २१०, पंचांकडे दिली. हार्ड डिस्क चर्चमध्ये, एक पेन ड्राइव्ह पाळकसाहेबांकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. बांधलेल्या प्रतींत ‘पूर्वीची जात’ हा रकाना आणि शेरे झाकले आहेत.

वेळ : ३१ बैठका. त्यातल्या नऊ निव्वळ चुका निस्तरण्यात गेल्या.

उरलं आहे ते पहिल्या वहीतल्या चौदा पानांचं. कडांवर काही नावांची शेवटची अक्षरं शिल्लक आहेत : ‘…बाई’, ‘…दास’, एके ठिकाणी नुसता काना. त्यांची यादी केली आहे आणि मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे एकेक करून जातो आहोत. आजवर पाच नावं लागली, ती वेगळ्या वहीत, सांगणाऱ्याच्या नावासकट. पुढच्या रविवारी वरच्या आळीतल्या नानीकडे जायचंय. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मुलांनी अक्षरं पाटीवर मोठी काढून ठेवली आहेत.